शेवंताक्कांचं अकरावं कलम

करारपत्राचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. ‘सदरचा करार आम्ही वाचून पाहिला, आम्हांस वाचून दाखवला, तो आम्हांस समजला असून मान्य व कबूल आहे.’ त्याखाली सह्या, सह्यांखाली साक्षीदार. तीसेक वर्षं मी हे वाक्य टाइप करत आलो, आधी टाइपरायटरवर आणि मग संगणकावर. गिऱ्हाईक ते वाचत नाही, कारण तिथवर पोचेपर्यंत त्याचा हात पेनाकडे गेलेला असतो. मीही ते कधी वाचत नसे. रोज ओलांडायचा उंबरा कुणी न्याहाळून पाहत नाही, तसंच ते.

माझं काम दस्त लिहायचं. कोल्हापुरात नोंदणी कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर माझी एक खोली आहे. भाडेकरार, साठेखत, बक्षीसपत्र, भागीदारीपत्र, जे येईल ते. बाहेरच्या माणसाला वाटतं हे सगळं कायद्याचं काम. कायदा त्यात असतो, पण भाजीत मीठ असतं तेवढाच. दोन माणसांनी चहा पिता पिता जे ठरवलं, ते त्यांचं भांडण झाल्यावरही तसंच वाचता येईल अशा भाषेत लिहून ठेवायचं, हा बाकीचा सगळा धंदा. करार करताना दोन्हीकडची माणसं हसत असतात. तो पुन्हा उघडला जातो तेव्हा सहसा कुणी हसत नसतं.

खोलीत दोन टेबलं आहेत. दुसऱ्या टेबलाशी माझी पत्नी सुमती बसायची. ती एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाली आणि तिसऱ्याच दिवशी डबा घेऊन माझ्याबरोबर निघाली. “घरी बसून तुमच्या चुका कळत नाहीत,” एवढंच म्हणाली. गेल्या माघात ती गेली. खरं तर संपादकांनी मागितलेला हा लेख तिनं लिहायचा. उपयोगी सूचना देण्याची सवय तिला होती; मला त्या ऐकण्याची.

आल्या आल्या तिनं दोन गोष्टी सुरू केल्या. पहिली म्हणजे मुद्द्यांची वही. काहीही टाइप करायच्या आधी दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवायचं, काय ठरलंय ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं आणि त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ ही आमची दस्तातली नावं तिथं नाहीत. तिथं आण्णा, मामी, बापू अशीच नावं. खाली दोघांच्या सह्या. पानाच्या डाव्या बाजूला तिनं दोन बोटं समास सोडलेला असे. तो गिऱ्हाइकासाठी नव्हता. तिथं माझ्यासाठी शेरे असत. ‘चतुःसीमा नीट पाहणे. मागच्या वेळी पूर्व-पश्चिम उलटी करून विहीर शेजाऱ्याला दिलीत.’ किंवा, ‘हे गृहस्थ प्रत्येक वाक्यात हो म्हणतात. नाही कशाला म्हणतील ते विचारणे.’

दुसरी गोष्ट, वाचून दाखवणं. छापलेला करार ती मला मोठ्यानं वाचायला लावायची, दोन्ही पक्षांसमोर, पहिल्या ओळीपासून. तोवर चहा नाही. मी कुरकुर करायचो की लोकांना घाई असते. ती म्हणायची, “घाई लोकांना नसते. तुम्हाला असते. लोक चहासाठी थांबतात.”

या दोन्ही गोष्टींमागं माझी एक खोड होती, ती सांगायलाच हवी. आमच्या धंद्यात नवा करार कुणी नव्यानं लिहीत नाही. मागचा तसाच करार उघडायचा, नावं बदलायची, जागेचं वर्णन बदलायचं आणि छापायचा. संगणक आल्यापासून तर एक बटण दाबलं की सगळीकडची नावं एका दमात बदलतात. एकदा मी अशीच ‘पाटील’च्या जागी ‘शेटे’ घालून फाइल छापली. मालक बदलले, हे बरंच झालं. पण त्यांच्या गल्लीचंही नाव शेटे गल्ली झालं आणि साक्षीदार होते गावचे पोलीस पाटील, ते पोलीस शेटे झाले. ते कागद हातात धरून बराच वेळ उभे होते. “आमची नेमणूक बदलली व्हय?” त्यांनी शांतपणे विचारलं. सुमती त्यानंतर आठवडाभर मला चहा देताना “घ्या, शेटे,” म्हणत होती.

इंटरनेट हे तिचं खातं. ग्रंथालयात तिनं आयुष्यभर पुस्तकं शोधून दिली होती, त्यामुळं शोधणं हे तिला काम वाटे. आपल्याला तो चाळा वाटतो. इचलकरंजीहून एक यंत्रमागवाले शेट आले होते. आपली शेड ते दुसऱ्याला चालवायला देणार होते. करार म्हणे तयारच आहे, फक्त नोंदणी करून द्या. नेटवरून काढलेली बारा पानं, सगळी इंग्रजीत. सुमतीनं चष्मा लावला आणि शांतपणे सगळी वाचली. सातव्या पानावर थांबली.

“शेट, तुमच्या शेडसमोर बर्फ पडतो का हो?”

“बर्फ?”

“इथं लिहिलंय, जागेसमोरचा बर्फ भाडेकरूनं सकाळी नऊच्या आत हटवायचा. नाही हटवला तर तुम्ही त्याला काढू शकता.”

शेटनी जरा विचार केला. “असू द्या की म्याडम. जास्तीचं लिवलेलं काय खातंय व्हय? आनि इंग्रजीत असलं की पक्कं असतंय.”

“मग असू द्या. पडला की आम्हाला फोन करा, बघायला येऊ.”

शेवटी ती बारा पानं बाजूला गेली, वही उघडली आणि अडीच पानांत त्यांचं सगळं मावलं. तिच्या सूचना इथं देऊन टाकतो, कारण संपादकांना त्याच हव्या आहेत. नेटला प्रश्न विचारू नका. उत्तरात जे शब्द असतील ते लिहा. सगळ्यांत वर येतं ते बहुतेक वेळा पैसे देऊन वर आलेलं असतं, म्हणून खाली उतरा. मिळालेलं पान कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय आणि कुठल्या मुलखासाठी लिहिलंय, या तीन गोष्टी कळल्याशिवाय त्यातलं एक अक्षर उचलू नका. आता तर मोबाइलला सांगितलं की तो स्वतःच करार लिहून देतो, आणि चांगला लिहितो. फक्त तो दोन्ही पक्षांना समोर बसवत नाही, त्यामुळं बर्फ कुठं आहे हे त्याला कळायला मार्ग नसतो.

शेवंताक्कांचा करार गेल्या पौषातला. त्या शाहूवाडीकडच्या. शहरात येऊन दोन सुनांच्या मदतीनं घरातच डबे करायच्या, आणि त्यांच्या हातच्या पांढऱ्या रश्श्यासाठी लोक जिन्यात रांग लावायचे. मग त्यांनी रस्त्यालगतचा एक गाळा पाहिला. मालक दत्तूआण्णा, पंच्याहत्तरीच्या पुढचे, गाळ्याच्या वरच्या माडीवरच राहायचे. मुलगा प्रमोद पुण्यात नोकरीला. करार पाच वर्षांचा. सुमतीनं दोघांना बसवून वहीत मुद्दे लिहून घेतले. तेव्हा तिला दम लागत होता, दोनदा थांबून पाणी प्यायली. चार दिवसांनी ती दवाखान्यात होती.

नोंदणीच्या दिवशी अकराला डॉक्टरांनी मला बोलावलं होतं. आदल्या दिवशी मी करार टाइप केला. म्हणजे काय केलं, तर आधीच्या आठवड्यात एका फ्लॅटचा भाडेकरार केला होता, ती फाइल उघडली. नावं बदलली, राहण्यासाठी होतं तिथं खानावळीसाठी केलं, आणि छापला. वही तिच्या टेबलावर होती. मी ती उघडली नाही, मला मुद्दे तोंडपाठ आहेत असं वाटलं. सकाळी सह्यांच्या वेळी मी वाचायला कागद उचलला तेव्हा दहा वाजून गेले होते. शेवंताक्कांनी माझ्याकडं पाहिलं.

“भाऊ, तुम्ही जावा दवाखान्यात. तुम्ही लिवलंय म्हंजे बरोबरच असणार की.”

दत्तूआण्णांनी मान हलवली. मी वाचलं नाही. सगळ्यांनी सह्या केल्या, ‘वाचून दाखवला’ या वाक्याच्या बरोबर खाली.

त्यानंतरचं सहा महिन्यांचं इथं लिहिण्यासारखं काही नाही. खोली उघडत होतो, येईल ते काम करत होतो. मुद्दे सुट्या कागदावर लिहून घ्यायचो. दुसऱ्या टेबलावरची वही होती तशीच होती; झाडलोट करतानासुद्धा तिच्या भोवतीनं फडकं फिरवायचो.

आषाढात एका सकाळी शेवंताक्का आल्या. बसल्या नाहीत. हातातला मोबाइल माझ्यापुढं धरला. प्रमोदनं पुण्याहून करारभंगाची नोटीस पाठवली होती, सोबत कराराच्या पानाचा फोटो.

“भाऊ, सुनंनं वाचलं, पण तिचं काय खरं वाटंना. ह्यो अकरावा नंबर काय म्हणतोय बघा.”

मी पाहिलं. ‘सदर जागेत मांसाहारी अन्न शिजवणे अथवा खाणे यांस सक्त मनाई असून, तसे आढळल्यास हा करार तात्काळ रद्द समजला जाईल.’

फ्लॅटचे मालक माळकरी होते. त्यांचं कलम होतं ते. त्यांनी तीनदा सांगून घालून घेतलं होतं. आणि मी ते अस्सल तांबडा-पांढरा अशी पाटी लावलेल्या खानावळीच्या करारात ठेवून दिलं होतं, नोंदणीच्या शिक्क्यासह.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “दुसऱ्याचं कलम तुमच्यात आलं.”

गावाकडचं उरलंसुरलं बिऱ्हाड मोडून शेवंताक्कांनी ही खानावळ मांडली होती, मोठं धुराडं बांधून घेतलं होतं. त्यात आखाड चालू होता. पुढं श्रावण, म्हणून लोक या दिवसांत महिन्याभराचं खाऊन घेतात. खानावळीचा हाच हंगाम. मी बोलणी खायच्या तयारीत होतो. त्या म्हणाल्या,

“सकाळी दहा किलो आणलंय. शिजवू का नको, तेवढं सांगा.”

“शिजवा.”

कशाच्या जोरावर म्हणालो कुणास ठाऊक.

त्या गेल्यावर मी संगणकासमोर बसलो आणि आयुष्यात प्रथमच नेटला पत्र लिहिल्यासारखा प्रश्न घातला. ‘भाडेकरारात चुकून दुसऱ्याच कराराचं कलम राहिलं असून मालकाचा मुलगा ऐकत नसल्यास काय करावे.’ नेटनं मला आधी वकिलांच्या जाहिराती दाखवल्या, मग भाड्यानं मिळणारे गाळे, मग हट्टी मुलांना कसं वळण लावावं यावर एका बाईंचा लेख. मी तोही थोडा वाचला. मग आठवलं, उत्तरातले शब्द लिहायचे. चूक दुरुस्ती पत्र. हे शब्द लिहिले आणि पहिल्याच सरकारी पानावर उत्तर मिळालं: नोंदवलेल्या दस्तातली चूक दुरुस्ती पत्रानं सुधारता येते, मूळ पक्षांच्या सह्या लागतात. हे मला ठाऊक होतं. असली कित्येक पत्रं मीच लिहिली आहेत. डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारी माणसं मी पाहिली होती; त्यांना हसलोही होतो.

सह्या दोघांच्या हव्यात. शेवंताक्का करतीलच. उरले दत्तूआण्णा.

मी माडीवर गेलो. प्रमोद रजा काढून आला होता. सभ्य मुलगा. त्याच्या मित्राला तिथं कॉफीचं दुकान काढायचं होतं.

“काका, मी माझ्या मनचं काही बोलत नाही,” तो म्हणाला. “कागदात आहे ते बोलतोय. त्यांनी शाकाहारी खानावळ चालवावी, माझी काही हरकत नाही.”

मी दत्तूआण्णांना विचारलं, तुमच्यात काय ठरलं होतं ते आठवतं का.

“आठवत न्हाय बाबा,” ते म्हणाले. “पार इसरायला लागलोय. कालचं जेवान आठवत न्हाय, पौषातलं कुठलं? कागदात हाय ते खरं.”

“पण आण्णा, तोंडी ठरलं होतं...”

“तोंडी काय खरं न्हाय. तुम्हीच सांगितलासा मला. माझ्या हिरीच्या वाटणीच्या टायमाला. तोंडीवर जाऊ नका, आण्णा, कागद बघा.”

सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत सांगितलं होतं. तीस वर्षं लोकांना जे पढवलं ते त्या म्हाताऱ्यानं नेमकं लक्षात ठेवलं होतं, बाकी सगळं विसरून.

खोलीवर परत आलो आणि सुमतीच्या टेबलासमोर उभा राहिलो. वहीवर बोटानं रेघ उमटेल एवढी धूळ होती. पान सापडायला वेळ लागला नाही, ते शेवटचं लिहिलेलं पान होतं. खाली दोन सह्या दिसल्या, दत्तूआण्णांची वळणदार मोडीच्या सवयीची आणि शेवंताक्कांची एकेक अक्षर सुटं. वर तिचं अक्षर, जरा उतरतं. मी सह्या पाहिल्या आणि वही मिटली. वाचायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना खोलीवर बोलावलं. शेवंताक्का पदर खोचून आल्या, हाताला वाटणाचा वास. प्रमोद दाराशी उभा. मी त्याला म्हणालो, करारात जे आहे ते माझ्या हातून आलंय, आणि जे ठरलं होतं ते इथं आहे. मग दत्तूआण्णांना त्यांची सही दाखवली.

“ही माझीच,” ते म्हणाले. “वर काय हाय? वाचा.”

मी मोठ्यानं वाचायला लागलो.

‘आण्णा : मटण शिजवा, मासळी शिजवा, मला अडचण न्हाय. फकस्त धूर माडीवर याचा न्हाय. शेवंताक्का : धुराडं मागल्या अंगाला काढतो. आण्णा : आनि आयतवारी वाटीभर पांढरा वर पाठवायचा. शेवंताक्का : वाटी कशाला, तांब्याभर देतो. आण्णा : मग पाच वर्सं का, धा वर्सं ऱ्हावा.’

दत्तूआण्णांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. “तांब्या येतोय,” ते म्हणाले. “दर आयतवारी येतोय. मी म्हणतोय ही बाई मला का पाठवती.”

“आण्णा, तुम्ही तो रस्सा खाता?” प्रमोदनं विचारलं.

“मग टाकून देऊ व्हय?”

प्रमोद पुढं येऊन वहीत वाकला. वडिलांची सही त्यानं बराच वेळ पाहिली. दत्तूआण्णांनी बोट समासावर ठेवलं. “आनि ह्ये बाजूला काय लिवलंय?”

“ते करारातलं नाही.”

“सही खाली हाय की माझी. समदं वाचा.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. अर्ध्यावर वाचायचं नाही, हाही आमचाच नियम. मी वाचलं.

‘तांब्याचं कलम घालू नये, नाहीतर नोंदणीवाले साहेब जेवायला येतील. हा करार नव्यानं टाइप करणे. मागची फ्लॅटची फाइल उघडून नावं बदलायची नाहीत. तुम्ही बदलणार, मला माहीत आहे. मी नसले तरी वाचून दाखवणे.’

वाचताना शेवटची ओळ मला दोनदा घ्यावी लागली. शेवंताक्कांनी पदरानं डोळे टिपले का हात पुसले, मी नीट पाहिलं नाही. मग दत्तूआण्णा म्हणाले,

“म्याडमनी तुमास्नी बी कलम घातलंतं की. तुम्हीच मोडलंसा.”

“मोडलं,” मी म्हणालो.

“मग सुधारा. आना तो कागद.”

चूक दुरुस्ती पत्र मी नव्यानं टाइप केलं, कोणतीही जुनी फाइल न उघडता. दीड पान झालं, त्याला दुपार गेली. प्रमोद तोवर बसून होता. त्यानं एक शब्दही आडवा घातला नाही. मित्राला फोन करून दुसरीकडं जागा बघ म्हणाला, तेही बाहेर जाऊन. मग मी ते पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या वाक्यापर्यंत वाचून दाखवलं. ‘वाचून दाखवला’पाशी आलो तेव्हा जरा थांबलो आणि तेही वाचलं. नंतर चहा सांगितला.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी शेवंताक्कांची धाकटी सून खोलीवर डबा ठेवून गेली. मी आणि सुमती, दोघंही मटण न खाणारे, हे त्यांना ठाऊक होतं. वरच्या कप्प्यात भाकरी, मधल्यात भरलं वांगं, खालच्यात दहीभात. सुनेनं निरोप दिला, “आत्यांनी सांगितलंय, भाऊंना म्हण, कलमाप्रमाणं हाय.”

वही आता माझ्या टेबलावर असते. जे येतील त्यांना समोरासमोर बसवतो आणि ते बोलतील तसं लिहितो. माझं अक्षर तिच्याएवढं नीट नाही, आणि मी लोकांना मध्येच तोडतो, ही खोड अजून गेलेली नाही. नवं पान घेतलं की आधी पट्टी ठेवून डावीकडं दोन बोटांवर रेघ मारतो. त्या रेघेच्या अलीकडं मी काही लिहीत नाही.